खिळ्यावर परत लावलेली पाटी

ही गोष्ट माझ्या मुलाला ठाऊक नाही, सुनेला नाही, आणि ज्याला सांगायला हवी होती तो माणूस आता उरलाच नाही. तुम्हाला सांगते, कारण तुम्ही काही माझ्या घरी जेवायला येणार नाही. मी चौथी शिकले. लिहायला वेळ लागतो, पण लिहीन ते सरळ लिहीन. सरळ? बघू या.

माझा नवरा पोलादाच्या प्लांटात इलेक्ट्रिशियन होता. रिटायर झाल्यावर कंपनीचं सेक्टर दहाचं क्वार्टर सोडून आम्ही जवळच रिसालीत घर बांधलं. प्लांटातला एक नियम ते घरी घेऊन आले. मशीनवर काम सुरू करताना लाईन बंद करायची आणि बटणावर लाल पाटी टांगायची – हात लावू नये. ज्यानं टांगली त्यानंच ती काढायची. "चीफ साहेब आला तरी दुसऱ्याच्या पाटीले हात लावाचा नाही," ते म्हणायचे, "आतमंदी माणूस असते." घरात त्यांनी पुठ्ठ्याची तशीच पाटी केली होती. गिझर उघडला, पंखा उतरवला की ती लटकायची. काम झालं की हत्याराच्या पेटीवरच्या खिळ्याला जायची. तिथे ती त्यांच्याशिवाय कोणी लावत नसे. हे लक्षात ठेवा.

सून मनीषा घरूनच कॉम्प्युटरचं काम करायची. तिच्या लॅपटॉपची आतली डिस्क खराब झाली. मग तिनं हाताच्या पंजाएवढी एक बाहेरची डिस्क आणली आणि सगळं त्यात भरलं. लॅपटॉप चालू करताना एक बटण दाबून धरायची, की तो विचारायचा, कुठून सुरू होऊ? ती बाहेरची डिस्क निवडायची. मी विचारलं, "असं कावून वं?" तर म्हणाली, "आई, आतली चूल विझली, म्हणून अंगणात शेगडी मांडली. स्वयंपाक तोच." मला एका दमात कळलं. चालू असताना ती वायर ओढली तर काय होईल, तेही कळलं. म्हातारीला काय समजतं, असं सगळे धरून चालतात. मला समजत होतं.

इंटरनेटचा डबा पुढच्या खोलीत होता आणि मनीषा बसायची मागच्या. तिथवर सिग्नल पोचत नव्हता. नवऱ्यानं भिंतीला पाईप ठोकला, त्यातून तार ओढली, दोन्ही टोकांना चिठ्ठ्या लावल्या. कंपनीच्या माणसाला असं सरळ काम जमलं नसतं. तेव्हा त्यांना थोडं विसरायला होऊ लागलं होतं – चष्मा कुठे ठेवला, भाजीवाला येऊन गेला का, इतपत. हात मात्र काही विसरले नव्हते.

मग पुण्याची नोकरी निघाली. एका कंपनीनं मनीषाला परीक्षा म्हणून एक काम करायला दिलं. आठ दिवस ती त्यात बुडाली होती. ते संध्याकाळपर्यंत पोचलं की नोकरी पक्की, आणि मग ती, माझा मुलगा प्रशांत आणि नात पुण्याला जाणार. मी घाबरले होते का? नाही. मला राग आला होता. घर आम्ही बांधलं, आणि राहायचं आम्ही दोघांनीच?

त्या दुपारी तिनं काम पाठवायला लावलं. पडद्यावर एक निळी पट्टी मुंगीच्या चालीनं सरकत होती. नातीच्या शाळेची वेळ झाली. मनीषानं सासऱ्याकडून लाल पाटी मागून घेतली, डिस्कच्या वायरला टांगली आणि स्कूटी काढली. सासरे इतके खूश! "पाह्य वं, पोरगी प्लांटात चालली असती," म्हणाले, आणि ओसरीवर पेपर तोंडावर घेऊन झोपले.

मी आत गेले. निळी पट्टी अर्ध्यावर आली होती. पाटी काढली. वायर ओढली.

पाटी सवयीनं खिळ्याला लावली गेली, असं मी बरीच वर्षं स्वतःला सांगत आले. खोटं आहे ते. घरात मी ती पाटी कधीच लावली नव्हती, तर सवय कुठून येणार? ती तिथे दिसली की नाव कोणाचं निघेल, हे मला ठाऊक होतं. ठाऊक होतं म्हणूनच लावली.

मनीषा आली. लॅपटॉप थिजलेला. पुन्हा वायर जोडली, पण डिस्क काही उठेना. आठ दिवसांचं काम गेलं. तिनं खिळ्याकडे पाहिलं, मग ओसरीवरच्या सासऱ्याकडे. बोलला प्रशांत, ड्यूटीवरून आल्यावर. "बाबा, कितीदा सांगतलं, तिच्या सामानाले हात नका लावू!"

"मी?" ते म्हणाले. "दुसऱ्याची पाटी मी काढली?"

नोकरी गेली याचं त्यांना वाईट वाटलंच. पण त्यांचा चेहरा उतरला तो या गोष्टीनं. सबंध नोकरीत त्यांनी दुसऱ्याच्या पाटीला बोट लावलं नव्हतं. त्यांनी सुनेपुढे हात जोडले. ती रडत म्हणाली, "राहू द्या बाबा, होते असं." मी स्वयंपाकघरात पोळ्या लाटत होते. एकही वाकडी झाली नाही.

दुसऱ्या दिवशी त्यांनी हत्याराची पेटी प्रशांतला देऊन टाकली. त्यानंतर बल्ब बदलायलाही बाहेरचा माणूस यायचा. मनीषाला पुढे घरबसल्या दुसरं काम मिळालं, मुलं रिसालीतच राहिली. मला हवं होतं ते मला मिळालं.

इथवर तोंडानं तरी मी फक्त गप्प बसले होते, असं म्हणता येईल. पण तेवढंच नाही.

महिन्याभरानं मी ओसरीवर मेथी निवडत होते. ते शेजारी येऊन बसले. "अवं, खरं सांग," म्हणाले. "मले त्या दिवसाचं काहीच आठवत नाही. पेपर वाचून राहिलो होतो, बस तेवढंच. तू तं घरीच होती. मले आत जाताना पाह्यलं का तू?"

नाही म्हटलं असतं, तरी माझ्यावर कोणी बोट ठेवलं नसतं. त्यांना तेवढंच हवं होतं – आपलं डोकं ठिकाणावर आहे, एवढा एक धागा. मला ते दिसत होतं.

"पाह्यलं," मी म्हणाले. "तुमीच गेले होते."

त्यांनी मान हलवली. मेथीची एक जुडी ओढून घेतली आणि माझ्यासारखी पानं खुडू लागले. "चला," म्हणाले, "तू आहेस म्हणून समजते तरी मले."

त्यानंतर शेवटपर्यंत ते स्वतःच्या डोक्याऐवजी माझ्या शब्दावर चालले. आज वार कोणता, अंघोळ झाली का, हे दार मी लावलं का – सगळं मला विचारायचे. मी सांगेन ते खरं धरायचे.