धुऱ्यावरचा डबा

कापराचा वास आला की मुखेडजवळचं आमचं शेत आठवतं. मालकांना, म्हणजे माझ्या नवऱ्याला, कोरोना झाला, म्हणून ते शेतातल्या आखाड्यावर, तिथल्या खोपीत, एकटेच राहत होते. पाच वर्षांची लेक गळ्यात कापराची पुरचुंडी बांधून माझ्यासोबत यायची, धुऱ्यावर, शेताच्या बांधावर, डबा ठेवायची आणि मागं पळायची. मग ते डबा उचलायचे. बरे होऊन घरी आले तेव्हा उंबऱ्यातच वाकून, हात पसरून म्हणाले, “आता काईच न्हाई मला, ये की!” ती किंचाळत भिंतीला चिकटली. “बाबा, तिथंच थांबा! आई मरंल!” त्यांचे हात तसेच राहिले. आता ती दहा वर्षांची आहे. काल तिनं त्यांचा चहा फरशीवर ठेवला, आणि ती मागं सरकेपर्यंत त्यांनीही कपाला हात लावला नाही.