नावाड्याचं जेवण

मित्र निघून गेले आणि टेबलावर माझा किल्ल्याचा नकाशा घडीसुद्धा न उलगडता राहिला. आमचा खेळ असा: मी गोष्ट सांगतो, चौघे तिच्यातले प्रवासी होतात, आणि वाटेत जो कुणी भेटेल त्याच्या तोंडचं मी बोलतो. अडलं की फासे टाकायचे. या किल्ल्यासाठी मी तीन आठवडे खपलो होतो. सात दरवाजे, प्रत्येकामागे वेगळं संकट.

किल्ल्याच्या अलीकडे नदी होती, नदी म्हणून नावाडी. त्याला मी नावही दिलं नव्हतं. यांना पलीकडे सोडायचं, एवढंच त्याचं काम. पण त्याच्या तोंडून सहज निघून गेलं, "बऱ्याच दिवसांनी कुणी आलं. जेवूनच जा ना."

"काकांना असं एकटं सोडून नाही जायचं," मेघना म्हणाली. झालं! चौघांनी त्याचं छप्पर शाकारलं, जाळं दुरुस्त केलं, जुन्या पुरांच्या हकिकती ऐकल्या. त्या मी बसल्या जागी रचत होतो. आधी चिडलो, मग किल्ला विसरलोच. इतका वेळ माझं कुणी ऐकून घेतल्याचं मला आठवत नाही.

साडेसात वाजले तसे सगळे उठले. कुकरमध्ये मी पाच जणांचा भात लावला होता. चपला घालताना मेघनाने विचारलं, "काका पुढच्या रविवारी असतील ना?"

"असतील," मी म्हणालो. जेवूनच जा, एवढं मात्र माझ्या तोंडून निघालं नाही.