दिवेलागणीनंतर

बॉनच्या आमच्या ऑफिसात यशपाल माझ्या समोरच्या टेबलावर बसतो. संध्याकाळी ट्रामच्या स्टॉपपर्यंत आम्ही बरोबर जातो. हिवाळ्यात तो माझं कोपर धरून चालतो, उन्हाळ्यात लागत नाही. पहिल्यांदा त्याने कोपर धरू का म्हणून विचारलं तेव्हा मी नुसतं "धर की" म्हटलं. कारण विचारलं नाही. पुढे त्या दहा मिनिटांच्या चालण्यात त्यानेच एकेक करून सांगितलं, आणि ते लिहू का म्हटल्यावर म्हणाला, "लिहा. फक्त मामाचं नीट लिहा."

तो अकोल्याचा. वडील सुदाम एस.टी.च्या डेपोत मेकॅनिक होते, आई गयाबाई अंगणवाडीत. धाकटी बहीण हर्षा. वडिलांबरोबर डेपोत जाऊन जाऊन त्याला गाड्यांचं वेड लागलं. अमरावतीला मेकॅनिकल केलं आणि मास्टर्ससाठी म्युनिकजवळ गार्चिंगला आला. र्युसेल्सहाइमला मोटारींच्या कारखान्यात ब्रेकवर थीसिस करायचं जवळजवळ ठरलं होतं. चाचणीच्या ट्रॅकवर गाडी स्वतः चालवायला मिळणार, हे त्याने घरी फोन करून सांगितलं तेव्हा वडिलांनी ती बातमी डेपोभर सांगितली होती.

अंधारात आपल्याला दिसत नाही, हे त्याला लहानपणापासून माहीत होतं. मात्र अंधारात कुणालाच दिसत नसणार, अशी त्याची समजूत होती. घरात, गल्लीत दिवे असायचे. अभ्यासू मुलगा म्हणून दिवेलागणीनंतर तो फारसा बाहेर पडायचा नाही. अमरावतीला मित्रांबरोबर सिनेमाला गेला की थिएटरात शिरताना पुढच्याच्या खांद्यावर हात ठेवायचा. मित्रांना ती दोस्ती वाटायची.

गार्चिंगला आला तेव्हा दिवस अजून मोठे होते. विद्यापीठाचा कॅम्पस आणि गाव यांच्यामध्ये शेतं आहेत, त्यांच्यामधून पायी आणि सायकलने जायची वाट आहे. वोनहाइममधल्या, म्हणजे विद्यार्थ्यांच्या वसतिगृहातल्या, सगळ्या मुलांची तीच वाट. त्याने जुनी सायकल घेतली. ऑक्टोबर संपला, हिवाळ्यासाठी घड्याळं तासभर मागे गेली आणि लेक्चर सुटायच्या वेळेला अंधार व्हायला लागला. त्याच्या नडग्यांवर काळेनिळे डाग दिसू लागले. एकदा तो कॅम्पसमधल्या बाकावर धडकला, एकदा रस्ता बंद करायच्या खांबावर. त्याच्या शेजारच्या खोलीत राहणारा मयुरेश पुण्याचा होता. तो म्हणायचा, "यश, तू काय झोपेत चालतोस का रे?" दोघंही हसायचे.

नोव्हेंबरात एका संध्याकाळी ते दोघं सायकलवरून गावाकडे येत होते. यशपाल पुढे, मयुरेश थोडा मागे. यशपालच्या सायकलचा दिवा चालू होता आणि त्या दिव्याचा गोल पडत होता तेवढीच वाट त्याला दिसत होती. एकदम काहीतरी मऊ आणि जड सायकलवर आदळलं आणि तो पडला. उठून बसला तेव्हा त्याला एका बाईचं कण्हणं ऐकू आलं, पण ती कुठे आहे ते समजेना. तो हाताने चाचपत राहिला.

मयुरेशने सायकल टाकली आणि धावत येऊन फोन लावला. ॲम्ब्युलन्स येईपर्यंत त्याने आपलं जॅकेट काढून त्या बाईंच्या डोक्याखाली ठेवलं. त्या फ्राउ लिंडनर, म्हणजे लिंडनरबाई. ऐंशीच्या पुढच्या, गावात एकट्या राहणाऱ्या, रोज त्या वेळी फिरायला निघणाऱ्या. खुब्याचं हाड मोडलं होतं.

पोलिसाने यशपालला विचारलं, "तुम्हाला त्या दिसल्या नाहीत? पांढरा कोट आहे त्यांच्या अंगात."

"नाही दिसल्या," यशपाल म्हणाला.

पोलिसाने फोन मागितला, बघितला, परत दिला. पुढे ती चौकशी बंद झाली, कारण दिवा चालू होता आणि वेगही फार नव्हता. पण त्या संध्याकाळी वोनहाइमच्या स्वयंपाकघरात मयुरेश जे बोलला, ते त्याला पोलिसांपेक्षा जास्त लागलं.

"मला त्या लांबूनच दिसत होत्या," मयुरेश म्हणाला. "मला वाटलं तू वळवशील. तू सरळ त्यांच्या अंगावर गेलास, यश. जरासुद्धा हँडल हललं नाही तुझं."

"मग ओरडला का नाहीस?"

"अरे, ओरडायचं काय त्यात? समोर होत्या त्या."

यशपाल दवाखान्यात फ्राउ लिंडनरना भेटायला गेला. बरोबर काय न्यावं हे न सुचून त्याने संत्री नेली. त्यांची मुलगी कोपऱ्यात खुर्चीवर बसली होती, ती उठली नाही. त्याने मोडक्यातोडक्या जर्मनमध्ये माफी मागितली. म्हाताऱ्या बाईंनी ती पूर्ण ऐकून घेतली.

"खरं सांगा, फोनमध्ये बघत होतात ना?" त्यांनी विचारलं.

"नाही."

"मग?"

"तुम्ही दिसलाच नाहीत. खरंच दिसला नाहीत."

त्या म्हणाल्या, "तर मग तुम्हाला डॉक्टरकडे जायला हवं. माझं हाड लावलंय त्यांनी. तुमचं बघा."

म्युनिकच्या डोळ्यांच्या दवाखान्यात त्याला एका पांढऱ्या घुमटासमोर बसवलं. हनुवटी टेकवायची, मधल्या ठिपक्याकडे बघायचं आणि आजूबाजूला कुठेही उजेडाचा ठिपका दिसला की हातातलं बटण दाबायचं. तो वाट बघत बसला. थोड्या वेळाने त्याने विचारलं, "मशीन सुरू करताय ना?"

नर्स म्हणाली, "शोन लांगे." केव्हाचंच सुरू आहे.

हे सांगताना यशपाल ट्रामच्या स्टॉपवर थांबला होता, एवढं मला आठवतं. म्हणाला, "कडेने दिवे लागत होते आणि विझत होते. मी आपला शहाण्यासारखा बसून होतो."

डॉक्टरीणबाई तरुण होत्या आणि स्वच्छ बोलल्या. डोळ्यांचा पडदा कडेकडेने मरत चाललाय. आधी अंधारातलं जातं, मग बाजूचं, मग मधलंही. औषध नाही. वाहन चालवायचं नाही, सायकलसुद्धा नाही. किती वर्षं दिसेल ते सांगता येत नाही. चाळिशीपर्यंत बहुतेक वाचता येणार नाही, असं धरून चाला. मग त्यांनी विचारलं, "घरात आणखी कुणाला आहे? हा प्रकार आईकडून मुलाकडे येतो. आईला स्वतःला त्रास नसतो. आईच्या भावाला वगैरे?"

"नाही," यशपाल म्हणाला. "एक मामा होता. तो अडखळायचा, पण तो प्यायचा."

डॉक्टरीणबाईंनी लिहिणं थांबवून वर बघितलं. आपण काय बोललो ते त्याला तेव्हा समजलं.

मामा मूर्तिजापूरला शाळेत शिपाई होता. संध्याकाळ झाली की भिंती धरून चालायचा, हातगाड्यांवर आपटायचा. गावात बोभाटा झाला. शाळेतून तक्रार गेली, नोकरी गेली. एका लग्नात संध्याकाळच्या पंगतीत तो जेवणाऱ्यांच्या ताटात पाय घालून गेला, वरणाचं पातेलं लवंडलं. गयाबाईने सगळ्यांसमोर भावाला सांगितलं, की माझ्या दारात पुन्हा पाय ठेवू नको. तो "ताई, मी नाई पेलो" म्हणत राहिला. प्यायलेला माणूस हेच म्हणतो, असं सगळ्यांना वाटलं. यशपाल नववीत असताना संध्याकाळच्या वेळी हमरस्त्यावर मामा ट्रकखाली गेला. दारूपायी गेला, असंच घरात, गावात, पोलिसांत सगळीकडे ठरलं. त्यानंतर यशपालच्या घरी त्याचा विषय निघाला नाही.

त्याने घरी फोन केला. "जयभीम आई" म्हणून झालं, जेवणाची चौकशी झाली, आणि मग तो म्हणाला, "आई, मामा खरंच पीत होता का गं?"

"आता त्याचं कायले काढून रायला तू?"

"तू कधी बाटली बघितली होती? वास आला होता त्याला?"

गयाबाई म्हणाली, "लोकं म्हनत होते."

त्याने सगळं सांगितलं. सायकलचं, म्हाताऱ्या बाईंचं, घुमटाचं, डॉक्टरीणबाईंनी विचारलेलं. हा रोग आईकडून येतो, हेही सांगावं लागलं, कारण हर्षाची तपासणी करायची होती. पलीकडून फोन खाली ठेवल्याचा आवाज आला. तो ठेवलाच गेला होता की आईच्या हातातून पडला, हे त्याने कधी विचारलं नाही. थोड्या वेळाने वडिलांनी फोन लावला. ते एवढंच म्हणाले, "तू जेवून घे."

दोन दिवसांनी गयाबाई मूर्तिजापूरला भावजयीकडे गेली. शोभनामामी आता मुलाकडे राहते, शिवणकाम करते. गयाबाईने तिच्या समोर जमिनीवर बसून सगळं सांगितलं. मामीने मशीन थांबवलं नाही. हातातला ब्लाउज पूर्ण शिवून होईपर्यंत ती ऐकत राहिली, आणि मग म्हणाली, "मी सांगत होती तवा तुमी कोनी ऐकलं नाई. पंधरा वर्सं मानूस पानीच पेत होता. नोकरी गेली, तुमी दार बंद केलं, मंग शेवटच्या सालात खरंच प्याले लागला. आता तुमी म्हनता तो आंधळा होता. मंग मी काय करू, सांगा?"

गयाबाई घरी आली आणि तिने अंथरूण धरलं. कित्येक दिवस यशपालच्या फोनवर वडीलच बोलायचे. ती बोलायला लागली तेव्हा पहिलं वाक्य होतं, "म्या दिलं तुले." तो समजावत राहिला की यात कुणाचा दोष नसतो. ती "हो बापा" म्हणायची आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच.

र्युसेल्सहाइमला त्याने आपणहून कळवलं, की मी गाडी चालवू शकणार नाही. तिथल्या माणसाने चांगल्या शब्दांत उत्तर दिलं आणि जागा दुसऱ्याला दिली. मयुरेश त्या हिवाळ्यात रोज संध्याकाळी त्याच्या लेक्चरच्या दाराशी येऊन उभा राहायचा. त्या संध्याकाळी आपण बोललो त्याबद्दल तो कधी काही म्हणाला नाही, यशपालनेही विषय काढला नाही.

फ्राउ लिंडनर पुन्हा घरी गेल्या नाहीत. त्यांना वृद्धाश्रमात ठेवलं. यशपाल दोनदा जाऊन आला. पहिल्यांदा त्याने डोळ्यांचं सांगितलं, तेव्हा त्या म्हणाल्या, "गेनाऊ, अगदी बरोबर. मला वाटलंच होतं." आणि त्याचा हात आपल्या हातात घेऊन ठेवला. दुसऱ्यांदा गेला तेव्हा त्यांना तो कोण हे आठवलं नाही. फेब्रुवारीत त्या न्यूमोनियाने गेल्या. मुलीने फोन करून कळवलं.

"आईने तुमच्याबद्दल राग ठेवला नव्हता," ती म्हणाली. "मला ते जमत नाहीये. तुम्ही अंत्यविधीला येऊ नका."

तो गेला नाही. डॉक्टरांनी न्यूमोनिया सांगितला, वयही सांगितलं. पण माणूस अंथरुणाला खिळला की न्यूमोनिया होतो, आणि अंथरुणाला त्यांना कुणी खिळवलं हे त्याला पाठ आहे. मी एकदा "तुझी चूक नव्हती" असं म्हणून पाहिलं. तो म्हणाला, "नडग्या फुटत होत्या माझ्या महिनाभर. तेव्हाच तपासायला हवं होतं."

त्याने मास्टर्स पूर्ण केलं, टेबलावर बसून करता येईल असं काम शिकला आणि बॉनला आला. आता त्याच्या कॉम्प्युटरच्या पडद्यावर अक्षरं मोठी असतात. या वर्षी पांढरी काठी घेतलीय. ऑफिसात ती बॅगेतच ठेवतो. मिटिंगमध्ये शेजारी बसलेल्याने हात पुढे केला तर त्याला दिसत नाही. नवीन लोकांना तो शिष्ट वाटतो.

हर्षाने तपासणीला बरेच दिवस नकार दिला. तिचं नागपूरच्या एका मुलाशी जमत आलं होतं. गयाबाई म्हणाली की काही सांगू नका, माझ्या भावाचं आयुष्य गेलं, आता पोरीचं मोडू नका. शेवटी हर्षाने तपासून घेतलं. तिच्यातही ते होतं. तिला स्वतःला दिसायला काही अडचण नाही, पण मुलगा झाला तर निम्मी शक्यता. तिने ते मुलाकडच्यांना जाऊन स्वतः सांगितलं. लग्न मोडलं. दोन वर्षांनी तिचं लग्न झालं, नवरा सगळं माहीत असलेला, शांत माणूस.

त्यांना मुलगा झालाय. गेल्या डिसेंबरात यशपाल अकोल्याला जाऊन आला तेव्हा भाचा नुकता चालायला लागला होता. एका संध्याकाळी वीज गेली. पोरगं अंगणातून घराकडे येताना उंबऱ्याला अडखळून पडलं. चालायला शिकणारी मुलं पडतातच, हे घरात सगळ्यांना माहीत होतं. तरी हर्षा, तिचा नवरा, सुदाम, गयाबाई, कुणी जागचं हललं नाही. यशपालला अंधारात काहीच दिसत नव्हतं. त्याने फक्त रडण्याच्या आवाजाच्या दिशेने हात पुढे केले आणि मूल हाताला लागेपर्यंत तो जमिनीवरून सरकत गेला.

भाच्याची तपासणी अजून झालेली नाही. हर्षा म्हणते, पुढच्या वर्षी बघू.