शिव्या नंतर, आधी लॉग

उजव्या हाताचं पहिलं बोट वर करायचा. वर्गात पोरं बाहेर जायला विचारतात तसं. समोरचा कितीही तापलेला असो, बोट वर, आणि म्हणायचा, "शिव्या नंतर. आधी लॉग."

गल्लीत सगळे त्याला अण्णाच म्हणायचे, मीही तेच म्हणतो. माझ्यापेक्षा बराच लहान. घरात तेलुगू बोलायचा, बाहेर आमच्यासारखं. बापाचे यंत्रमाग होते. बाप गेला, धंदा बसला, तेव्हा यानं माग विकले आणि त्याच शेडमध्ये कॉम्प्युटर मांडले. मी टेम्पो ड्रायव्हर. त्याच्या बापाचे टॉवेल मी वाहिले आणि माग भंगारात गेले तेव्हा तेही मीच वाहिले. माग भरताना अण्णा रडला नाही. एवढंच म्हणाला, "मामा, सावकाश घ्या, बाप हाय त्यो."

लोकांच्या वेबसाइट सांभाळायचा. तुम्हीही अशी माणसं बघितली असतील, घराला आग लागली तरी आधी चष्मा शोधतात. एकदा एक पिठाच्या गिरणीचा मालक ओरडतच शेडमध्ये शिरला. "तू माझी साइट बुडवलीस!" अण्णाचं बोट वर. लॉग उघडला आणि दाखवलं, "काल संध्याकाळी तुमच्याच घरनं पान पुसलंय, मालक." मालकानं गुपचूप चहा पिला आणि गेला.

मी चौथी शिकलेला. लॉग म्हणजे काय, विचारलं.

"मामा, वेबसाइट म्हणजे दुकान. दारात एक माणूस बसवलाय. कुणाला अडवत न्हाय, कुणाशी बोलत न्हाय. कोण आलं, कवा आलं, काय मागितलं, दिलं का न्हाय, कुणाच्या दारातनं आलं, एवढंच लिहितो. झोपत पण न्हाय."

"पगार?"

"न्हाय."

"मग आमच्या युनियनचा न्हाय."

ह्यावर तो पोट धरून हसला होता.

आमची मंडळी शेंगाची चटणी करायची. उखळात कुटलेली. मशीन घरात येऊ दिलं नाही तिनं. अण्णा तिला आक्का म्हणायचा. त्यानंच तिची वेबसाइट केली आणि फोटोही त्यानंच काढला. उखळापाशी उभी, पदर खोचलेला, हातात मुसळ, आणि हसतीय. का हसतीय, तर मी मागनं म्हणालो होतो, "फोटोत हिचा आवाज येत न्हाय, ते एक बरं हाय." त्या फोटोला अण्णानं कॉम्प्युटरात नावही 'आक्का' असंच दिलं होतं.

मग ती गेली. चटणी बंद झाली. अण्णानं साइटवर तसं लिहून टाकलं. फोटो राहू दे, असं मीच सांगितलं. तिचा मोबाइलही मी चालू ठेवला. का ठेवला ते विचारू नका.

त्या मोबाइलवर एक दिवस अकलूजहून एका जुन्या गिऱ्हाईक बाईंचा फोन आला. "आजोबा, आजींना सांगा, यावेळी चटणी लई खवट निघाली. त्यांच्या हातची न्हाय वाटत."

"बाई, ती वारली."

बाई हळूच म्हणाल्या, "मग फोटो कसा काय हाय त्यांचा?"

फोटो होता. स्टँडाकडच्या एका मसालेवाल्याच्या साइटवर. माझी बायको, तिचं मुसळ, तिचं हसू, आणि खाली त्याची खवट चटणी. मेल्यावर तिचं नाव खराब होत होतं. तिला मी आयुष्यात फार काही दिलं नाही. नाव तिचं तिनं कमावलं होतं, आणि ते हा माणूस विकत होता.

मी दुकानात गेलो. काचेच्या दाराचं दुकान. तो बरणी पुसत म्हणाला, "आजोबा, इंटरनेटवरचं चित्र आहे हे. तिथलं सगळं सगळ्यांचं असतं. आणि तुमचीच बायको कशावरून? अशा म्हाताऱ्या हजार मिळतात."

अशा म्हाताऱ्या हजार मिळतात. हे वाक्य मी गिळलं नाही, दाढेखाली धरून ठेवलं.

तडक अण्णाच्या शेडमध्ये आलो. "दगड दे. त्याची काच फोडतो. त्याच्या आयला..."

बोट वर. "मामा, शिव्या नंतर. आधी लॉग."

साइटसाठी इंटरनेटवर जिथं भाड्यानं जागा घेतली होती तिथं तो कॉम्प्युटरातनं शिरला. एक फोल्डर उघडलं, त्यात आजची फाइल. पडद्यावर मुंग्यांच्या रांगा. मी म्हणालो, "हे सगळं वाचायचं?"

"सगळं न्हाय. शोधायचं." त्यानं फोटोचं नाव टाकलं. आणि एकेक ओळ पिवळी होत गेली. ओळीत 'आक्का', पुढं २००, म्हणजे 'दिलं', आणि शेवटी मसालेवाल्याच्या साइटचं नाव. सारखं तेच.

"ह्यानं फोटो चोरून पण नेला न्हाय, मामा. एवढा आळशी हाय. गिऱ्हाईक त्याच्या पानावर गेलं की त्याचं पान आपल्या दारात येतं, आक्काचा फोटो मागतं, आणि आपण देतो."

"म्हंजे चोर रोज आपल्याच घरी जेवतोय?"

"व्हय."

"मग ताटात काय वाढायचं ते आपल्या हातात हाय की."

अण्णानं खुर्ची माझ्याकडं वळवली. मी म्हणालो, "लॉग बघितला. आता शिव्या?"

"आता शिव्या," तो म्हणाला, आणि तेलुगूत अशी एक हासडली की अर्थ कळला नाही, पण पोट भरलं.

मी म्हणालो गाढवाचा फोटो लाव. अण्णा म्हणाला, "गाढवानं काय वाकडं केलंय त्याचं? तुमी उभे ऱ्हावा." तिच्याच उखळापाशी, तिचं मुसळ हातात घेऊन मी उभा राहिलो. दाढी वाढलेली, बंडी मळकी. "हसू नका," तो म्हणाला. "हसायला ठेवलंय काय?" मी म्हणालो. फोटोच्या खाली त्यानं ठळक लिहिलं: 'ही चटणी माझ्या बायकोची नाही. ती वारली. मी तिचा नवरा. मुसळ माझ्याकडे आहे.'

त्या फोटोलाही नाव दिलं 'आक्का', आणि जुन्याच्या जागी चढवला. आमच्या स्वतःच्या पानावर तिचा फोटो दुसऱ्या नावानं ठेवला. आता मसालेवाल्याच्या दुकानात हसऱ्या म्हातारीच्या जागी मी.

लॉगमध्ये ओळी वाढायला लागल्या. लोक एकमेकांना पाठवून बघत होते. मी रोज शेडमध्ये जाऊन बसायचो आणि पिवळ्या ओळी बघायचो. खोटं कशाला बोलू, बायको गेल्यापासून पहिल्यांदा भाकरी गोड लागली.

मग मसालेवाला स्वतः आला. तोंड लाल. "माझी साइट हॅक केलीत! केस करीन!"

बोट वर. "मालक, शिव्या नंतर. आधी लॉग." अण्णानं खुर्ची पुढं सरकवली आणि ओळी दाखवल्या. "तुमचं पान मागतंय, आमी देतोय. आमच्या घरात जे हाय ते. मागू नका, मिळणार न्हाय."

त्याला समजलं. आवाज उतरला. माझ्याकडं वळून म्हणाला, "आजोबा, वाटल्यास चटणी चांगली बनवतो. पण आजींचाच फोटो परत लावा. गिऱ्हाईक ओळखतं त्यांना."

मी म्हणालो, "कशाला? अशा म्हाताऱ्या हजार मिळतात की."

दाढेखालचं ते वाक्य त्या दिवशी थुंकलो. त्यानं ते पान काढलं, नव्या पानावर लिपस्टिकवाली एक बाई लावली. तिच्या हातात मुसळ द्यायची त्याची छाती झाली नाही.

नंतर मात्र माझं मलाच खटकायला लागलं. अण्णाला म्हणालो, "नाव आक्का आणि थोबाड माझं. तिला कुणी हाक मारली तर मी का जावं रे? तिला बसव परत तिच्या जागेवर." त्यानं तिथल्या तिथं बसवलं.

त्यानंतर तो मागेच लागला. "मामा, लॉग बघायला तुमी शिका. शुगरनं माझा पाय काळा पडलाय, मी काय कायमचा हाय का?" एका बोटानं शिकलो. फोल्डर कुठं, फाइल कुठली, नाव कसं शोधायचं, फोटो कसा चढवायचा. माझं काही चुकलं की मी कॉम्प्युटरला आईबहिणीवरून बोलायचो आणि अण्णाचं बोट वर जायचं. एकदा मी मोबाइलवर तसाच टिपला त्याला. बोट वर, चष्मा नाकावर, हसू दाबलेलं.

पाय काढला, तरी अण्णा राहिला नाही.

दहाव्याला मसालेवाला आला होता. पांढरे कपडे, हात जोडलेले. शेडमध्ये बंद करून ठेवलेले कॉम्प्युटर बघत मला म्हणाला, "वाईट झालं. आता हे सगळं कोण बघणार?"

"कोण बघणार!" मी म्हणालो, आणि डोळे पुसले. अश्रू खरे होते. बाकीचं खरं नव्हतं.

थोड्याच दिवसांत लॉगमध्ये ओळी परत पिवळ्या झाल्या. आक्का, २००, मसालेवाला. जुनंच पान त्यानं परत चढवलं होतं. त्याला वाटलं, बघणारा गेला. आणि दारातला तो न झोपणारा माणूस? त्याला हा विसरला.

मी शिवी दिली नाही. मोबाइलमधला अण्णाचा तो फोटो काढला, त्याला नाव दिलं 'आक्का', आणि चढवला. तिच्या जागेवर मी शोभत नाही, पण अण्णा चालतो. भाऊच मानायची ती त्याला. खाली काही लिहिलं नाही. आमच्या पानावर ती दुसऱ्या नावानं, हसतीय तशीच.

आता मसालेवाल्याच्या पानावर, खवट चटणीच्या बरणीशेजारी, अण्णा बोट वर करून उभा आहे. ओळी पडतायत. मागितला, दिला. मागितला, दिला. काचेच्या दारामागचा माणूस अजून माझ्याकडं आलेला नाही. येईल. त्याची खुर्ची मी पुसून ठेवलीय. शिव्या नंतर.