धोट्याला ओठ लावलेला माणूस

आमचा भाग हिंदी मुलखाच्या नव्या राज्यात येऊन वर्षही झालं नव्हतं. या राज्यात आपलं बऱ्हाणपूर काय घेऊन आलं, हे दाखवायला आमच्या शाळेनं वाचनालयात प्रदर्शन भरवायचं ठरवलं. मांडणीची यादी माझ्याकडे आली, कारण शाळेतल्या सगळ्या याद्या माझ्याकडेच येत. साड्यांचे नमुने, जवळच्या निंबोला गावचे केळीचे घड, कापसाच्या जाती आणि आमच्या चित्रकलेच्या मास्तरांनी काढलेलं मोठं तैलचित्र: मिलमधला विणकर. प्रत्येक वस्तूखाली चार ओळींचं कार्ड लावायचं होतं.

चित्रात रांगेनं माग होते आणि पुढे एक वाकलेला माणूस. हातातला धोटा, म्हणजे मागावर आडवा धागा नेणारं लाकडी होडकं, त्यानं ओठांना लावला होता, डोळे अर्धे मिटलेले. मी पाच मिनिटांत लिहून टाकलं: ‘यंत्रानं वाकवलेला माणूस. जे त्याला रोज गिळतं, त्याचंच तो चुंबन घेतो आहे. त्याचं स्वतःचं असं काही उरलेलं नाही.’ यादीत खूण केली आणि पुढच्या कामाला लागले.

वडील त्याच मिलमध्ये माग चालवत. सुटीच्या दिवशी धुतलेली टोपी घालून, शेजारच्या मागावरच्या मित्राला घेऊन ते आले. केळीपाशी थांबलेच नाहीत, सरळ चित्रासमोर गेले. त्यांना वाचायला वेळ लागे, म्हणून मित्रानंच कार्ड मोठ्यानं वाचलं आणि खो-खो हसला.

"काय रे, धोट्याचे मुके घेतोस होय? वहिनीला माहीत आहे का?"

वडील हसले नाहीत. मला बाजूला घेऊन म्हणाले, "हे तू लिहिलंस, माय?"

"हो."

"मी घरी येतो तेव्हा तुला असाच दिसतो?"

आमच्या घराचं सगळं मिलच्या भोंग्यावर चाले, पण मी फाटकाच्या आत कधी गेले नव्हते.

त्यांनी मला हाताला धरून चित्राजवळ नेलं. "धोट्यातली सुताची कांडी संपली की नवी घालायची. तिचा धागा या बारीक भोकातून बाहेर काढायचा. बोट जात नाही, मग तोंड लावून श्वास ओढायचा. सुर्रकन येतो. आणि याचा डावा हात बघितलास? मागाच्या दांड्यावर आहे. माग त्यानं थांबवलाय. याचा धागा येईपर्यंत ते सगळं लोखंड उभं राहील."

तो हात मी पाहिलाच नव्हता. मास्तरांनी मात्र नखांतल्या काळ्या तेलासकट रंगवला होता.

"एका दमात येतो धागा?" मी विचारलं.

"याचा येतो," मित्र वडिलांकडे बोट दाखवत म्हणाला. "मला दोन लागतात, कधी तीन."

मी कार्ड काढलं आणि नवं घेऊन टेबलाशी बसले. वडील शेजारी उभे राहून सांगू लागले, तोच त्यांना खोकल्याची नेहमीची ढास लागली. धाग्याबरोबर कापसाचे तंतूही आत जात असणार, हे इतक्या वर्षांत मला त्या दिवशी कळलं. ढास थांबेपर्यंत मी लेखणी उचलली नाही.

"खोकलाही लिहू?"

त्यांनी जरा विचार केला. "लिही. खरंच आहे ते. पण आधी काम लिही, मग खोकला."

तसंच लिहिलं. शाई सुकेपर्यंत ते कार्ड त्यांनी कडेनं, दोन बोटांत, स्वतःच धरून ठेवलं.