घरमालकाने उपटलेली दाढ

दातांच्या डॉक्टरलाच दाढदुखी व्हावी, आणि तीही लॉकडाऊनमध्ये, ऑस्ट्रेलियातल्या कालगुर्लीत! गावात तेव्हा काम करणारी डेंटिस्ट एकटी मीच उरले होते. सहकारी पर्थला अडकलेला, रस्ते बंद. चार दिवस मी लवंगा चघळत दुसऱ्यांच्या दाढा पाहिल्या आणि घरी येऊन नवऱ्यावर खेकसले. खाणीतला इंजिनिअर तो. म्हणाला, "ड्रिल मलाही चालवता येतं." मी त्याच्याशी बोलणंच सोडलं.

शेवटी शेजारी राहणाऱ्या घरमालकाला साकडं घातलं. हे आयरिश म्हातारबुवा पंच्याऐंशीचे. ट्रकवर दात तपासायची खुर्ची बांधून वाळवंटातल्या खाणींवर जाणारे या भागातले पहिले डेंटिस्ट. आता ते मधमाश्या पाळत, दुर्बिणीतून शनी बघत आणि लोकांचे बिघडलेले अ‍ॅकॉर्डियन दुरुस्त करून आणखी बिघडवत. दाताला हात लावून वीस वर्षं झाली होती, परवाना केव्हाच संपला होता. माझं ऐकून त्यांचे डोळे भरून आले.

"मला वाटलं, आता मला कुणी विचारणारच नाही," म्हणाले.

दुसऱ्या दिवशी दुपारी आमच्या घरी आले ते मधमाश्यांचा पांढरा डगला आणि जाळीची टोपी घालून. संसर्ग नको म्हणे! त्यांचा हात थरथरत होता, म्हणून भुलीचं इंजेक्शन मी आरशात बघून स्वतःच घेतलं. अर्धा जबडा बधिर. नवरा टॉर्च धरून, तोंड फिरवून उभा. म्हातारबुवा जाळीआडून गाणं गुणगुणत होते. वीस मिनिटांनी त्यांनी पक्कड उंचावली.

मी दाढ पाहिली. धडधाकट, पांढरीशुभ्र. किडकी जागच्या जागी होती, शेजारची बिचारी नाहक गेली. असा संताप आला की तीच पक्कड हिसकावून घ्यावीशी वाटली. तेवढ्यात त्यांनी टोपी काढली. चेहरा घामाने निथळत होता.

"हीच ना, पोरी?"

तोंडात कापूस होता. मी मान डोलावली. नवरा काही बोलणार, तर त्याचा पाय तुडवला.

मग रोज ते कुंपणापाशी येऊन विचारायचे, "आता दुखत नाही ना?" मी कळ दाबून म्हणायचे, "अजिबात नाही." त्यांची पाठ ताठ व्हायची. आठवड्याभराने त्यांनी नवऱ्यालाच गाठलं. "तुझेही दात बघून देतो, मेट. नो वरीज."

नवऱ्याने एकदा माझ्याकडे पाहिलं. सगळं ठाऊक असूनही तो कुंपणावर वाकला आणि त्याने आ वासला.