गोरेगावच्या शिवणक्लासची भिंत

भुताखेताच्या गोष्टी मी कधी मानल्या नाहीत, आजही मानत नाही. कळमनुरीत माझा फोटो स्टुडिओ आहे. वाइड लेन्सनं भिंती फुगतात, खांब कलतात... ते सगळं सॉफ्टवेअरमध्ये सरळ करणं हा माझ्या डाव्या हातचा मळ!

आमच्याच जिल्ह्यातल्या गोरेगावला निर्मलाताईंचा शिवणक्लास आहे. बॅनरसाठी मी खोलीचे फोटो काढले. स्टुडिओत येऊन लेन्स करेक्शन दिलं — दार सरळ, खिडकी सरळ, फरशीच्या रेषा सरळ. पण उजवीकडची भिंत मात्र आत फुगलेलीच! ती सरळ केली की बाकी सगळं वाकडं व्हायचं. लेन्सची चूक अशी एकाच भिंतीला धरून बसत नाही.

दुसऱ्या दिवशी वेगळी लेन्स घेऊन गेलो. तेच. डोळ्यांना भिंत सरळ, फोटोत फुगलेली. ताईंना फोटो दाखवला, तेव्हा शेजारच्या मिस्त्रींनी भिंत कललीय का ते बघायला दोरीचा ओळंबा लावला.

"एक सूत बी फरक न्हाई," ते म्हणाले.

"काहून भेव दाखवून राहिलात भाऊ?" निर्मलाताई हसल्या. "भिंत बराबर हाय की."

त्या भिंतीपुढंच शिलाईच्या सहा मशीन होत्या. सहा बायका तिथं पाठ टेकून बसायच्या. मला राहवेना. मग चक्क खोटं बोललो — "ताई, बॅनरच्या फोटोला उजेड कमी पडतो. मशीन आठवडाभर खिडकीकडं ठेवा, मी परत येतो."

कुरकुर करत त्यांनी मशीन हलवल्या.

तिसऱ्या दिवशी दुपारी फोन आला. ताई होत्या. "भाऊ... भिंत पडली. आमी समद्या इकडं होतो..."

ना पाऊस, ना हादरा. मी पोचलो तेव्हा सहाही जणी अंगावरची धूळ झटकत अंगणात बसल्या होत्या. कुणाला खरचटलंही नव्हतं.

"उजेडाचं खोटं होतं ना?" ताईंनी हळूच विचारलं.

"व्हय. भिंतीच्या भीतीनं हलवा म्हटलं असतं, तर मशीन हलवल्या असत्या?"

"न्हाई," त्या म्हणाल्या आणि रडायलाच लागल्या.

संध्याकाळी मी तेच फोटो पुन्हा उघडले. फाइल तीच, सेटिंग तेच. एका क्लिकमध्ये सगळं सरळ झालं — ती भिंतसुद्धा!

माझ्या कामात माझा हात धरणारा तालुक्यात कुणी नाही, हे मी आजही छातीठोक सांगतो. पण त्या फाइलमध्ये तीन दिवस काय होतं... ते मला अजून सांगता येत नाही.